गुरूभोवतीची जांभळी कड

गिरगाव,
शनिवार, १४ फेब्रुवारी २०२६

श्री. शिवरामराव परब यांस,
देवदत्त धैर्यवान याचा स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपण आणि सौ. शेवंतीताई चार जिने चढून आमच्या गच्चीवर आलात, माझी दुर्बीण पाहिलीत, त्याचे आभार मानायला हे पत्र. मोबाइलवरही मानता आले असते. पण त्या पडद्यावरची अक्षरं हल्ली पाण्यात पडल्यासारखी दिसतात आणि अंगठा भलत्याच जागी पडतो. आपली मनवा दर रविवारी माहेरी लालबागला येतेच. तिच्या पिशवीत भानोल्याच्या डब्याखाली एक लिफाफा सहज मावेल. (भानोलं आता ती आमच्या घरातल्या कुठल्याही बाईइतकं चांगलं करते. शकू असती तर तिनं हे कबूल केलं नसतं, पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं असतं.)

आभार झाले, आता तक्रार. आपण माझ्या दुर्बिणीतून गुरू पाहिलात, वा वा म्हणालात, आणि आठवडा उलटायच्या आत स्वतःची दुर्बीण आणलीत, असं आमचा अनिश सांगतो. तीही आरशाची! विचारलं असतंत तर सांगितलं असतं. ग्रह पाहायचे तर भिंगाचीच घ्यावी. पुढे भिंग, मागे डोळा, मधे बंद नळी. धूळ शिरत नाही, समुद्राची खारी हवा लागत नाही, नळीच्या मधोमध अडथळा नाही. उचलली, तिवईवर ठेवली, पाहिलं. आरशाच्या दुर्बिणीत मोठा आरसा तळाशी, छोटा आरसा तोंडाशी आडवा, आणि दोघांचं पटवून देण्यात माणसाची संध्याकाळ जाते.

शिवाय आपण गच्चीवर म्हणालात की गुरूभोवती जांभळी कड दिसते. त्यानंतर मी रोज निरखून पाहिलं. जांभळं काही नाही. मुलीच्या बापानं मुलाच्या बापाच्या दुर्बिणीत खोट काढायची, ही पद्धत आमच्या वेळी नव्हती, एवढंच नमूद करतो.

एक मात्र खरं. गुरूवरचे पट्टे पुस्तकात दोन स्वच्छ दिसतात, मला एकच, तोही पुसलेल्या फळ्यावरच्या खडूसारखा. मुंबईची हवा, दुसरं काय. तरी रोज सातनंतर वर जातो. शकू गेल्यापासून ती वेळ घरात काढणं जड होतं, दुर्बीण आल्यावर तसं वाटत नाही.

लोभ आहे तेवढा राहू द्यावा, दुर्बिणीवरून कमी होऊ नये.

आपला,
देवदत्त धैर्यवान


लालबाग,
रविवार, १५ फेब्रुवारी

रा. रा. देवदत्तराव यांस,
शिवराम परबचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आधी मी वाचलं, मग शेवंतीनं मोठ्यानं वाचलं आणि माझ्याकडे बघून हसली. तिचं म्हणणं असं की जन्मभर भोंगे आणि स्पीकर घरात आणून झाले, आता हे नळकांडं तेवढं राहिलं होतं.

साहेब, घाई केली हे कबूल. पण मी हिशेब केला तो असा. तुमचं भिंग साडेतीन इंची, माझा आरसा सहा इंची. जेवढं तोंड मोठं तेवढा उजेड आत जास्त आणि बारकावा जास्त. सहा इंची भिंगाची दुर्बीण घ्यायची तर ती उचलायला माझी मंडपाची पोरं लागतील. आणि आरशाला रंग फोडता येत नाहीत. भिंगातून गेला की उजेड थोडा फुटतोच, निळं-जांभळं जरा इकडेतिकडे जातं. तुमच्या नळीत शेवटी मान वळवायला एक छोटा आरसा बसवलाय, तो मी बघितलाय. म्हणजे आरशावाचून तुमचंही चालत नाही.

आता माझी फजिती ऐका, म्हणजे तुमची तक्रार फिटेल. पहिल्या दिवशी दुर्बीण गोदामात होती, पत्र्याखाली, तापलेली. तशीच गच्चीवर नेली. गुरू असा उकळत होता की शेवंती म्हणाली हा तर कढईतला वडा. तासभर आरसा थंड व्हायला ठेवला तेव्हा वडा शांत झाला. दुसऱ्या दिवशी शहाणपणा करून नळी स्पीकरच्या ट्रॉलीला बांधली आणि लिफ्टच्या उंबऱ्यावरून धाडकन नेली. स्पीकरला काय होतंय? पण आरसे हलले आणि गुरूला शेपूट फुटलं. मागचे स्क्रू फिरवत बसलो. तुम्ही म्हणता तसं, दोघांचं पटवून देण्यात संध्याकाळ गेली.

तरी जांभळी कड होती, यावर मी ठाम आहे. मनवानं पाहिली, अनिशनं पाहिली. तो तुमच्यासमोर बोलत नाही ही गोष्ट वेगळी.

भांडण मिटवायचा आमच्या धंद्यातला रिवाज सांगतो. दोन मंडळं आपलाच स्पीकर भारी म्हणून हटून बसली की मी दोन्ही एकाच जागी लावतो, एकच गाणं वाजवतो, आणि डोळे मिटून ऐकायला सांगतो. पुढच्या रविवारी तुमची दुर्बीण घेऊन आमच्या गच्चीवर या. सेक्रेटरीकडून किल्ली घेतलीय. इथे डोळे मात्र उघडे ठेवायचे.

माया आहे ती दोन्ही बाजूंनी सारखीच आहे असं धरून चालतो.

तुमचा,
शिवराम


गिरगाव,
शनिवार, २८ फेब्रुवारी

श्री. शिवरामराव यांस,
स. न. वि. वि.

परवाच्या रविवारी आपल्या गच्चीवर झालेल्या सामन्याचा निकाल लेखी द्यावा म्हणून बसलो आहे. सुरमई उत्तम होती, त्याबद्दल वाद नाही.

गुरू जवळपास डोक्यावर होता. माझ्या दुर्बिणीचं डोळ्याचं टोक त्यामुळे गुडघ्याशी आलं आणि मला दंडवत घातल्यासारखं वाकावं लागलं. आपल्या दुर्बिणीत छातीच्या उंचीवर, बाजूनं, आरामात पाहता येतं. हा एक गुण आपल्याकडे.

पण चित्र? प्रामाणिकपणे लिहितो. फरक नाही. आपल्या सहा इंची आरशातही गुरू मला तसाच पिवळट, तसाच खडू फासलेला दिसला. आपण, अनिश, मनवा तिघं पट्टे मोजत होतात, लाल डाग सापडतो का म्हणून वाद घालत होतात, आणि मी मान डोलावत होतो. चंद्राच्या कोरीकडे वळलो तर दोन्ही दुर्बिणींतून तिच्याभोवती किरणांची झालर, गाडीचा दिवा समोरून यावा तशी. म्हणजे मुंबईच्या हवेत कुठलीच दुर्बीण चालत नाही, हा माझा निष्कर्ष. आपला आरसाही वाया, माझं भिंगही वाया.

हल्ली सगळ्याच गोष्टींचा दर्जा उतरला आहे. वर्तमानपत्राची छपाईसुद्धा इतकी फिकी झाली आहे की मी ते बंद करायला सांगितलं.

दुर्बीण विकून टाकावी म्हणतो. कुणी घेणारा असेल तर कळवा. संध्याकाळचं काय करायचं ते बघू. खाली येऊन बसेन.

सौ. ताईंस नमस्कार. आठवण ठेवावी.

देवदत्त


लालबाग,
रविवार, १ मार्च

चि. सौ. मनवास,
अप्पाचे आशीर्वाद.

आज तू आली नाहीस, अनिश एकटाच डबा घेऊन आला. फोन केला असता, पण तुमच्या घरात दिवाणखान्यात फोन उचलला की नानांना सगळं ऐकू जातं, आणि तू आतल्या खोलीत गेलीस की त्यांना शंका येते. म्हणून ही चिठ्ठी अनिशच्या हाती देतोय.

नानांचं पत्र वाचून मला करमेना. ते दुर्बिणीबद्दल लिहितात, पण मला भलतंच ऐकू येतंय. बघ, कार्यक्रमात उजव्या स्पीकरला घरघर आली की आपण स्पीकर बदलतो. बदलल्यावरही तीच घरघर आली, तर पुन्हा स्पीकर उघडून बसणारा माणूस मी कामावर ठेवत नाही. दोन्हीला एकच घरघर, तर दोघांच्या मागे जे एकच आहे ते बघायचं. नानांनी भिंग पाहिलं, आरसा पाहिला. दोन्हीत एकच खडू, एकच झालर, एकच पिवळा रंग. दोन्हीच्या मागे एकच होतं ते म्हणजे नानांचा डोळा.

आणि जांभळी कड. ती माझ्यासारख्या साठी उलटलेल्याला दिसते, तुला दिसते, त्यांना नाही.

मी उगाच बोलत असेन तर सांग. तू घरात आहेस, तुला जास्त माहीत. त्यांना काही विचारू नकोस. तुझ्या आईला मी अजून बोललेलो नाही, नाहीतर ती आत्ताच टॅक्सी करून तिकडे यायची.

अप्पा


गिरगाव,
गुरुवार, ५ मार्च

ती. अप्पांस,
मनवाचा सा. न.

तुम्ही उगाच बोलत नाही. उलट इतके दिवस आम्ही गप्प बसलो याचंच मला वाईट वाटतंय.

नाना चहा कपाच्या बाजूला ओततात आणि कप चुकीचा ठेवला म्हणतात. धुळवडीच्या दिवशी खाली उतरताना शेवटची पायरी त्यांना दिसलीच नाही. शेजारच्या मनूकाकांनी धरलं म्हणून बरं. ते घरी येऊन म्हणाले की जिन्यातला बल्ब कमी पॉवरचा लावलाय. अनिशनं तो बदलला. आम्ही घरातले सगळे बल्ब बदललेत अप्पा.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मागेच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितलाय. तेव्हापासून तिकडे जाणं बंद. अनिशच्या आत्यांनी मला खरं कारण सांगितलं. नानांचे वडील, म्हणजे आजेसासरे, त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन फार जुन्या काळी कुठल्याशा शिबिरात झालं. पट्टी सोडली तर डोळा गेलेला, दुसरा आधीच अधू. नाना तेव्हा शाळेत होते आणि वडिलांचा हात धरून त्यांना ऑफिसात पोचवायचे. आता तसं होत नाही, भूल नाही, टाके नाहीत, अर्ध्या तासात घरी, हे सगळं त्यांना ठाऊक आहे. ठाऊक असून काय?

अनिशनं एकदा विषय काढला तर नाना ताटावरून उठले. मी सून, मी काय बोलणार. तुम्ही बोललात तर दोनच गोष्टी होतील. ऐकतील, नाहीतर तुमच्याशी कायमचं औपचारिक होतील, आणि तसं झालं की काय होतं ते मी त्यांच्या चुलत घराण्याशी पाहिलंय. लग्नकार्यात समोरासमोर आले तरी फक्त हवेची चौकशी.

दुर्बिणीवर त्यांनी चादर घातलीय.

तुम्हाला ठीक वाटेल ते करा. आईला आत्ता काही सांगू नका.

तुमची,
मनवा


लालबाग,
रविवार, ८ मार्च

रा. रा. देवदत्तराव यांस,
शिवरामचा सा. न. वि. वि.

हे पत्र लिहू नये असं मला निम्मं वाटतं. मुलीच्या बापानं मुलाच्या बापाला काय सांगावं आणि काय गिळावं, याची आमच्याकडेही रीत आहे. ती मोडतोय. राग आला तर माझ्यावर धरा. मनवानं मला लिहायला सांगितलेलं नाही.

तुमची दुर्बीण चांगली आहे. माझीही चांगली आहे. त्या रविवारी हवाही चांगली होती, गुरू दगडासारखा स्थिर होता. दोन्हीतून तुम्हाला एकच खोट दिसली, म्हणजे खोट दोन्हीत नाही. डोळ्यात आहे साहेब.

मी डॉक्टर नाही. पण लाइटचं काम केलंय. मंडपाच्या दिव्यांवर रंगीत जिलेटिन कागद लावतात तो तुम्ही पाहिला असेल. पिवळा लावला की पांढरा पडदा पिवळट होतो आणि निळा-जांभळा पडदा काळपट पडतो, कारण जांभळं त्या कागदातून जातच नाही. वय झालं की डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं असं म्हणतात. तुम्हाला जांभळी कड दिसत नाही ती दुर्बिणीच्या चांगुलपणामुळे नाही. तुमच्या डोळ्यात तो कागद लागलाय. आणि कागद काढता येतो.

तुमच्या वडिलांबद्दल मला कळलंय. त्यावर मी काही बोलणार नाही, मला तो हक्क नाही. एवढंच सांगतो की भीती वाटते म्हणून तुम्ही दुर्बिणीला, हवेला, छापखान्याला आणि जिन्यातल्या बल्बला दोष देताय, आणि यातला एकही जण उलटून बोलू शकत नाही. मी बोलू शकतो, म्हणून बोललो.

दुर्बिणीला गिऱ्हाईक शोधलेलं नाही, शोधणारही नाही.

रागावलात तरी नमस्कार घ्यावा.

शिवराम


गिरगाव,
शनिवार, १४ मार्च

श्री. शिवराम परब यांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. माझ्या प्रकृतीविषयी आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल आभारी आहे. घरातल्या गोष्टी घराबाहेर चर्चेला जातात हे समजलं.

दुर्बिणीचा विषय माझ्याकडून संपला आहे. यापुढे आपण त्यासंबंधी लिहिण्याची तसदी घेऊ नये.

हवा उकाड्याची आहे. काळजी घ्यावी.

देवदत्त धैर्यवान


लालबाग,
बुधवार, १८ मार्च

रा. रा. देवदत्तराव यांस,
सा. न.

उद्या पाडवा. शेवंतीनं श्रीखंड केलंय ते पाठवतोय, साखरेची गाठीही आहे. डब्यावर एक पिवळा जिलेटिनचा कागद गुंडाळलाय. लिहिण्याची तसदी घेऊ नये असं तुम्ही म्हटलंत, म्हणून त्याबद्दल काही लिहीत नाही.

घरातल्या सर्वांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा.

शिवराम


गिरगाव,
शनिवार, १८ एप्रिल

श्री. शिवरामराव यांस,
देवदत्तचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

महिनाभर आपल्याला माझ्याकडून एक ओळ नाही आणि मनवाही दोनतीन रविवार आली नाही. तिला मी शपथ घातली होती. तिच्यावर रागावू नये. सगळं क्रमानं सांगतो.

आपलं ते आठ तारखेचं पत्र मी फाडणार होतो. फाडलं नाही, कारण त्यात मला एकही चूक सापडत नव्हती आणि मी ती शोधत होतो. जन्म कायद्याच्या कचेरीत गेला. समोरच्याचं म्हणणं खोडायचं तर त्याच्याच पुराव्यानं खोडावं. पाडव्याला श्रीखंडाचा डबा आला. मी चादर काढली, दुर्बीण गच्चीवर लावली आणि अनिशला वर बोलावलं. आधी तसंच पाहायला सांगितलं. तो चाचरत म्हणाला की नाना, जांभळी कड आहे. मग आपला कागद डोळ्याच्या टोकावर धरला. तो म्हणाला की गेली. कागद काढला, आली. धरला, गेली. कागद आहे की नाही हे न सांगता मी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं. एकदाही चुकला नाही. मग मी पट्ट्यांचं विचारलं. कागदासकट त्याला दोन्ही पट्टे काठासह स्वच्छ दिसत होते. त्याच हवेत, त्याच दुर्बिणीतून. म्हणजे हवेचीही सुटका झाली. मी कागदाची घडी करून खिशात ठेवली. अनिशला वाटलं मी रागावलो. मी फक्त त्याला म्हटलं की उद्या डॉक्टरांची वेळ घे.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन मार्चअखेरीस झालं. आपल्याला कळवलं नाही, कारण बिघडलं असतं तर आपण स्वतःला दोष दिला असता, आणि ते मला नको होतं. आडनावाला जागून आत गेलो असं लिहायला आवडलं असतं. पण खरं म्हणजे अनिशच्या मनगटावर माझी बोटं उमटली होती. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा मी डोळा उघडेना. नर्सबाई म्हणाल्या की आजोबा, उघडा, पुढचे पेशंट थांबलेत. उघडला. त्यांच्या साडीचा निळा रंग इतका निळा होता की पुढचे पेशंट थांबलेत हे मी विसरलो.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी परवानगी दिली आणि गच्चीवर गेलो. गुरू आता पश्चिमेकडे कललाय, त्यामुळे दंडवत घालावा लागला नाही. दोन पट्टे, शिवरामराव. खालचा जरा जाड. एका बाजूला तीन चंद्र ओळीत. आणि सगळ्याभोवती, निर्लज्जासारखी, जांभळी कड. इतकी मोठी की ती मला इतके दिवस दिसली नाही याचंच नवल. तेव्हा लेखी कबूल करतो. रंगाच्या बाबतीत माझी दुर्बीण सदोष आहे आणि आपला आरसा निर्दोष. स्वभावाच्या बाबतीत उलट, कारण माझी निदान लिफ्टच्या उंबऱ्यावर रुसत नाही. ग्रहांसाठी भिंग की आरसा, हा अंतिम निकाल मात्र आपल्या गच्चीवर नव्या डोळ्यानं पाहून देईन.

आता एक गंमत. डावा डोळा अजून जुनाच आहे. उजव्यानं पाहिलं की कड दिसते, डाव्यानं पाहिलं की नाहीशी. माझ्याजवळ एक डोळा दुर्बिणीचे दोष सांगणारा आणि एक झाकणारा, असे दोन झाले आहेत. काही संध्याकाळी मी डाव्याचीच बाजू घेऊन बसलो. एक तर चांगला झालाय, दुसऱ्याची काय घाई, त्यातून दुर्बीण तरी चांगली दिसते, अशी मनाशी बरीच वकिली केली.

काल एकटाच दवाखान्यात गेलो आणि डाव्याची तारीख घेऊन आलो. घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही, आपल्यालाच प्रथम. या महिन्याची एकोणतीस, बुधवार, सकाळी. पहिल्या खेपेला वाटली त्याहून भीती कमी आहे असं नाही. तेव्हा आपण सोबत यावं. अनिशचं मनगट अजून दुखतं. मला आत नेईपर्यंत शेजारच्या खुर्चीवर बसून माझ्या दुर्बिणीला मोठ्यानं नावं ठेवत राहावं. मी उत्तरं देत राहीन. बोलता बोलता आत नेलं तर माझं वाक्य अर्धं राहील, ते बाहेर आल्यावर पुरं करीन.

विहीणबाईंस श्रीखंडाबद्दल नमस्कार. आपला लोभ या घराला हवा आहे, तो मागायला आता संकोच वाटत नाही.

आपला व्याही,
देवदत्त